दोन टोल

देशातली सगळी सार्वजनिक घड्याळं एका खोलीच्या तालावर चालत. त्या खोलीला वेळघर म्हणत. मधोमध काचेच्या कपाटात मूळ घड्याळ उभं होतं. तिथली माणसं त्याला आई म्हणायची. आणि स्टेशनांवरची, दवाखान्यांतली, चौकाचौकांतल्या मनोऱ्यांवरची जी हजारो घड्याळं तारेनं तिला बांधलेली होती, ती लेकरं. मिनिट भरलं की आई तारेतून एक झटका सोडी आणि देशभरचे काटे एकदम एक पाऊल टाकत. लेकरांना स्वतःची अक्कल नाही, आईनं बोट धरलं तरच चालतील, असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे थोरलीचे वडील. त्यांची उभी हयात मनोऱ्यांवर चढून लेकरांची दुखणी काढण्यात गेली होती. आता थोरली वेळघरात ड्युटीला होती आणि आबांच्या डोक्यातलं घड्याळ बंद पडलं होतं. बायको गेल्याचं त्यांना आठवत नव्हतं, जेवल्याचं आठवत नव्हतं. थोरलीला ते कधी बाई म्हणत, कधी सिस्टर. पण चौकातल्या मनोऱ्यासमोर बाकावर बसवलं की शांत. काटा सरकला की मान डोलवायची, जणू लेकरानं हजेरी दिली. थोरली कामावर जाताना त्यांना तिथं बसवी आणि बाकामागच्या पेपरच्या स्टॉलवरची मावशी लक्ष ठेवी. मावशी म्हणायची, तुझ्या बापानं माझा धंदा वाढवला, लोकांना वाटतं म्हातारा प्रत्येक बातमीला होकार देतोय.

त्या दुपारी तारांत बिघाड झाला. कुठंतरी वीज उसळली आणि आईनं न सोडलेले झटके लेकरांपर्यंत पोचले. देशभरचे काटे मोकाट सुटले आणि पाऊण तास पुढे जाऊनच थांबले. गाड्या होत्या तिथं उभ्या केल्या, रुळांवरची फाटकं पडली, रस्ते तुंबले. बिघाड थोरलीनं शोधला, काढलाही. पण पुढे गेलेल्या काट्यांचं काय? लेकराला मागे येता येत नाही. चाकाला खिटी असते, ती पुढचा दात सोडते, मागचा कधीच नाही. मग एकच उपाय उरतो. झटके बंद करायचे, काटे उभे ठेवायचे, आणि खरी वेळ मागून चालत येऊन त्यांना गाठेपर्यंत वाट बघायची. वेळघरात याला निजवणं म्हणत.

वरच्या मजल्यावरून साहेबांचा फोन आला. निजवा, म्हणाले, आणि खरी वेळ येईपर्यंत एकही झटका सुटता कामा नये. एकदा देशाचं हसं झालं तेवढं पुरे.

थोरलीनं खटका खाली ओढला. देशभरचे काटे निजले. खोलीत फक्त आई बोलत राहिली, टक, टक. थोरलीनं घाम पुसला, पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"थोरले, आबा उठलेत."

काटा हलेना म्हणून बराच वेळ नुसते बघत बसले होते, मावशी सांगत होती. मग म्हणाले, लेकरू दगावलं. मी गिऱ्हाईकाला सुट्टे देतेय तोवर त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, मनोऱ्याचं दार उघडलं, आत शिरले आणि आतून कडी घातली. मी दार बडवतेय, कुणी ऐकत नाही.

 ती नोकरीतली किल्ली थोरलीनंच राहू दिली होती. गळ्यातून काढली की आबा मुलासारखे हुंदके देत. कुलूप कधीच बदललं असेल, असं ती धरून चालली होती. सरकारी कुलूप कोण बदलतो? आणि काटे तिनं निजवले होते. साऱ्या देशाचा विचार केला आणि एका बाकाचा राहून गेला.

"तबकडीतली खिडकी उघडली," मावशी म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "हात बाहेर आलाय. काटा ढकलतायत. थोरले, खांदासुद्धा बाहेर आलाय गं."

आगीचा बंब बोलावलाय, पण तो फाटकाच्या पलीकडे अडकलाय, हेही तिनं सांगितलं. थोरलीला तर त्याहून लांबून जायचं होतं.

सोडावा झटका? काटा माणसाएवढा लांब, लोखंडी. त्याला धरून आबा बाहेर झुकलेले. काटा उसळला की तेही गेले. न सोडावा तर लेकरू हलत नाही म्हणून ते आणखी झुकणार. तिनं भिंतीवरचा जुना फोन उचलला. तो थेट मनोऱ्यांवर लागायचा. त्यावरची धूळ पुसायलाही वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं. घंटी गेली. मावशी म्हणाली, वर काहीतरी वाजतंय, पण ते वळूनही बघत नाहीत.

बघणार नाहीतच. यंत्रात हात असला की फोन घ्यायचा नाही, हे आबांनीच तिला शिकवलं होतं. मग हात कधी काढायचे, असं तिनं विचारलं होतं. दोन टोल पडले की, आबा म्हणाले होते. जुन्या काळी लेकरं निजवण्याआधी नि उठवण्याआधी वेळघरातून दोन टोल देत. ते ऐकले की दुरुस्तीवाल्यानं हात काढायचे, फोनपाशी जायचं, आणि सांगायचं. पुढे लोक तक्रारी करू लागले, भलत्या वेळी दोन कसले वाजतात, म्हणून ती रीत बंद झाली.

टोलांची तार अजून होती. मात्र एकच होती, सगळ्या मनोऱ्यांना मिळून. चौकात वाजवायचे तर देशभर वाजणार.

तिनं साहेबांना फोन लावला. "साहेब, मी दोन टोल देतेय."

"दोन कधीच वाजून गेले, बाई."

"वेळ सांगायला नाही. आबा चौकातल्या तबकडीवर लोंबकळतायत. त्यांना हात काढायला सांगायचंय."

साहेब म्हणाले, मी खाली येतोय, तोवर कशालाही हात लावू नका. नाहीतर उद्या तुम्ही या खोलीत नसाल. आवाजात राग नव्हता, भीती होती. थोरलीनं रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि टोलाचं बटण दाबलं. थांबली. पुन्हा दाबलं.

तिच्या खोलीत काहीच वाजलं नाही. मावशीच्या फोनमधून मात्र ऐकू आलं, जड, रुंद, एकामागून एक. मग गर्दीचा कल्ला.

"मावशी?"

पलीकडे नुसती ढकलाढकल ऐकू येत होती.

"मावशी, काय झालं?"

"हात दिसत नाही," मावशी म्हणाली. "खांदापण नाही. आत गेले की... मला इथून खालचं दिसत नाही गं, माणसं पुढं आलीत."

थोरलीनं डोळे मिटले. टक, टक, आई म्हणत होती. किती वेळा म्हणाली, ते तिनं मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही.

भिंतीवरचा फोन वाजला.

"चौकातला मनोरा," आबांचा आवाज आला, धापा टाकणारा, पण कामावरचा, जुना. "हात काढले."

 दारात साहेब येऊन उभे राहिले होते. तिनं ओठांवर बोट ठेवलं, आणि ते खरंच गप्प राहिले.

"लेकरू निजलंय होय? मला वाटलं गेलं," आबा म्हणाले. "ड्युटीवर कोण आहे?"

"मी आहे, आबा. थोरली."

"थट्टा नको, बाई. थोरली शाळेत असते."

खाली या, असं ती सांगणार होती, पण लेकरू उठेपर्यंत मनोरा सोडायचा नाही, हीसुद्धा त्यांचीच रीत, आणि एकट्यानं तो जिना उतरण्यापेक्षा हे बरं. तिनं विचारलं, खिडकी लावलीत का? लावली, म्हणाले. मग भिंतीला टेकून बसा, फोन ठेवू नका. बसले. थोड्या वेळानं पलीकडून गुणगुणणं ऐकू आलं. लहानपणी तिलाही ते हेच म्हणून झोपवत:

नीज रे काट्या, नीज, वाट उन्हाची लांब
मागून येतो दिवस, तोवर दाराशी थांब

साहेबांनी खुर्ची ओढली आणि आवाज न करता बसले.

"बाई," मधेच थांबून आबा म्हणाले, "किती वाजले? थोरलीला शाळेतून आणायचंय. उशीर झाला की ती फाटकाशी एकटी रडत बसते."

"अजून वेळ आहे, आबा."

"न बघता सांगू नका. नीट बघा."

तिनं डोळे पुसले आणि आईकडे बघितलं.