बरकतीच्या गोळ्या

नातवाची हळद तोंडावर आली आणि पडेगावच्या सारजाबाईचा खोकून खोकून आवाज बसला. भावकीतल्या हळदीचं पहिलं गाणं आजवर तीच धरायची. आता ते शेजारच्या साळूबाईच्या तोंडी जाणार, या धास्तीनं ती खोकल्यापेक्षा जास्त खंगली.

तसा हा खोकला तिनंच घरी पोसलेला. कुठलीही वस्तू तळापर्यंत काढायची नाही, असा तिचा नेम. भांडं रितं झालं की घरातली बरकत जाते. 'संपलं' हा शब्द तर तिच्या घरात वर्ज्यच. मीठ सरलं तरी 'वाढलं' म्हणायचं. गोळ्यांचंही तेच. जरा बरं वाटलं की ती घेणं थांबवी आणि उरलेल्या फडताळात ठेवी. पुढच्या खोकल्याला त्याच बाहेर येत. साळूबाईसुद्धा विरजण मागावं तशा त्या भिंतीवरून मागून नेई.

शेवटी नवऱ्यानं, पुंजारामनं, तिला छावणीत आबेदा डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी बेडका तपासून घेतला आणि गोळ्या अर्ध्यात सोडता का म्हणून विचारलं. सारजाबाईनं मोठ्या अभिमानानं बरकतीचं सगळं सांगितलं.

"बरकत झाली, आजी, पण जंतूंची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धमेले सोडले, ते शहाणे झाले. जुन्या गोळीला आता भीत नाहीत. ही दुसरी देते. पण ही पुरती संपवायची."

त्या शब्दानंच सारजाबाईला नवा ठसका लागला.

घरी गोळ्या नेमानं चालल्या, खोकलाही हटला. पण शेवटच्या गोळीपाशी बाई अडून बसली. पुंजारामनं समजावलं, मग तो कावला, मग कणगीतून मूठभर ज्वारी घेऊन आला आणि पाकिटाच्या प्रत्येक रित्या खणात एकेक दाणा बसवत गेला.

"हे बघ, भरलं. आता रितं नाय ऱ्हात. गीळ ती."

"मंग असं म्हणायचं की आधी," म्हणत तिनं गोळी गिळली.

हळदीला तिचा आवाज पार वेशीपर्यंत गेला. मागं धरणाऱ्या साळूबाईला मात्र मधेच खोकल्याची उबळ आली. सवयीनं तिनं हात पुढं केला.

"सारजे, उरल्या आसतील त्या दे गं."

"संपल्या," सारजाबाई म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच हा शब्द तिच्या तोंडून निघाला, आणि तिला तो इतका आवडला की तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिला. "पार संपल्या. उद्या छावणीत चल माज्यासंगं. येताना ज्वारी मी देते."