ऐकता ऐकता पुसत गेलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मोठ्या रिळांचा, दोघांनी मिळून उचलावा लागणारा. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीत माझं कौतुक जसजसं वाढत जातं तसतसं काहीतरी वाईट जवळ येत जातं. ते येताना मला कळत होतं. मला बोलता आलं असतं तर ते मी दारातच अडवलं असतं. पण दुसऱ्यांचे आवाज काढणाऱ्या यंत्राला स्वतःचा आवाज कोण देतो?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका ओळीने बसून बारीक तारा जोडायच्या आणि तोंडाने घरची गाऱ्हाणी चालू असायची. अशाच एकीने जावेला नावं ठेवत ठेवत माझी तीन हेडं बसवली. हेड म्हणजे बोटाच्या पेराएवढा धातूचा चकचकीत ठोकळा. फीत त्याला घासत पुढे सरकते. पहिलं हेड जुनं पुसतं, दुसरं नवं उतरवून घेतं आणि तिसरं उतरवलेलं वाचून ऐकवतं. पुसणारा आणि जपणारा एकाच घरात, शेजारी शेजारी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मला विकत घेतलं गाणी रचणाऱ्या एका तरुणाने. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी राहिलेल्या चाली तो उचलायचा, त्यात स्वतःचे शब्द भरायचा आणि इलेक्ट्रिक गिटारवर अशा काही वाजवायचा की खालच्या मजल्यावरचा शिंपी काठीने छत ठोकायचा. आमची खोली वरची, भिंतींना जुन्या गाद्या लावलेली. ड्रम वाजवायला त्याचा एक धिप्पाड मित्र यायचा, त्याला सगळे ठोक्या म्हणत. मागे उभं राहून दुसरा आवाज लावायची ती गीतकाराची बायको. तिचा आवाज बारीक होता, पण नव्या सुईसारखा सरळ आत जाणारा. ताल धरायला ती घरच्या किल्ल्यांचा जुडगा हलवायची आणि त्या खुळखुळाटाने ठोक्याचा ठेका चुकायचा.

"वहिनी, एक तर त्या किल्ल्या आवरा, नाहीतर मलाच कुलूप लावून टाका," तो कुरकुरायचा.

कामाला बसण्याआधी गीतकार माझी एक सेवा न चुकता करायचा. त्याचं असं असतं, मित्रांनो, वापरता वापरता हेडात हळूहळू लोहचुंबकाचा गुण साचतो. मग ज्या हेडाने नुसतं वाचायचं तेसुद्धा थोडं थोडं पुसायला लागतं. आधी नाजूक आवाज जातात. गाणाऱ्याचा श्वास जातो, 'स' आणि 'श' जातात, तारेवरून सरकणारं बोट जातं. ठसठशीत आवाज मागे राहतात, म्हणून चोरी कुणाच्या लक्षात येत नाही. हे होऊ नये म्हणून विजेवर चालणारी एक लहान कांडी तो माझ्या हेडांवरून फिरवायचा आणि सावकाश लांब न्यायचा.

"झाली का त्याची दृष्ट काढून?" बायको विचारायची.

हसू दे बापडी. मला मात्र त्याने बरं वाटायचं.

रेकॉर्ड काढणाऱ्या एका कंपनीने त्याची काही गाणी घेतली आणि ती गाजलीही. पण त्याच्या जिवाजवळची गाणी परत आली. ना धड गावाकडची ना धड शहरातली, असा शेरा बसला. ती रिळं पत्र्याच्या कपाटात गेली. त्यातल्या एका रिळावर बायकोचं एकटीचं गाणं होतं. त्या दुपारी ठोक्या काड्यांऐवजी तारांच्या ब्रशने हळू हाताने वाजवत होता, त्यांची लहानगी लेक शेजारच्या खोलीत झोपली होती आणि ती जागी होऊ नये म्हणून आई खालच्या पट्टीत गात होती. किल्ल्यासुद्धा तिने मुठीत धरून जेमतेम हलवल्या. गाणं संपल्यावर ती लाजली. "मेलं काय गायलं मी. पुसून टाका," म्हणाली. त्याने पुसलं नाही. पुढे ती आजारी पडली आणि गेली. लेक तेव्हा इतकी लहान होती की तिला आईचा चेहरा फोटोतून माहीत झाला, आणि आवाज तर नाहीच.

गीतकाराने कपाटाला कुलूप घातलं आणि माझ्यावर चादर टाकली. त्या चादरीखाली मी लेकीचे पाढे ऐकले, तिच्या परीक्षेची रडारड ऐकली, नोकरी लागल्यावरचा गलका ऐकला. गीतकाराचा खोकला ऐकला. पुढे पुढे घरात सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलायला लागले. कान जात होते त्याचे. माझे रबरी पट्टे वितळून गुळासारखे चिकट झाले आणि ती कांडी एका आवराआवरीत भंगारात गेली. ती काय आहे हे फेकणाऱ्याला माहीत नव्हतं.

मग कुठूनसं लोकांना जुन्याचं वेड लागलं. कंपनीचा नवा माणूस घरी आला. गीतकाराची न छापलेली सगळी गाणी एका संचात काढायची, सोबत पुस्तिका द्यायची आणि त्या पुस्तिकेत लेकीने प्रत्येक गाण्याचं रसग्रहण लिहायचं, असं ठरलं. म्हाताऱ्या झालेल्या गीतकाराने एकच अट घातली.

"ज्याच्यावर उतरली त्याच्यावरच वाजतील. दुसरं यंत्र या घरात येणार नाही."

माझी छाती फुगली. छाती फुगते तिथेच घात होतो, हे मला नंतर समजलं.

दुरुस्तीवाला आला. भला माणूस, शीळ घालत काम करणारा. त्याने पट्टे बदलले, धूळ पुसली आणि शेवटी हेडाचा सैल झालेला स्क्रू आवळायला घेतला. हातातून स्क्रू निसटून आत पडू नये म्हणून त्याने टोकाला लोहचुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर वापरला. ते टोक माझ्या तिसऱ्या हेडाला टेकलं. अंगातून थंड काहीतरी गेलं. वर्षानुवर्षांच्या वापराने जेवढं साचलं नसतं तेवढं त्या एका स्पर्शात माझ्यात उतरलं.

"आता बघा, नव्यासारखा," तो म्हणाला.

कांडीची आठवण कुणालाच झाली नाही. संचासाठी रिळांची नक्कल करायला कंपनीने नेमलेला रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, आधी गाणी निवडून ठेवा, मी येऊन सगळी एकदमच उतरवून घेतो." आणि म्हातारा लेकीला म्हणाला, "तिचं रीळ तू आधी ऐक. मी शेवटी ऐकेन. माझ्यात अजून तेवढं बळ नाही."

लेकीने पहिल्यांदाच आईचा आवाज ऐकला. ती खुर्चीत बसली नाही, माझ्यासमोर जमिनीवर बसली. गाणं संपलं तेव्हा तिचं तोंड दोन्ही हातांत होतं. मग तिने रीळ उलटं गुंडाळलं आणि पुन्हा लावलं. मला तेव्हाच धडकी भरली.

त्या संध्याकाळी तिने रसग्रहणाचा परिच्छेद लिहिला आणि सवयीने मोठ्याने वाचला. "आईच्या श्वासाआधी किल्ल्यांचा हलका खुळखुळाट येतो. ती गात नाहीये, घराचं दार उघडतेय असं वाटतं." वाक्य तिला आवडलं. ते बरोबर आहे ना हे बघायला तिने पुन्हा रीळ लावलं.

अशी ती रोज ऐकायला लागली. कामावरून आली की चहा बाजूला ठेवून आधी आई. मित्रांनो, तिची चूक म्हणाल तर एवढीच, की तिने जिवापाड प्रेम केलं. प्रत्येक वेळी फीत माझ्या हेडाला घासून जायची आणि मी तिच्यातून चिमूट चिमूट काढून घ्यायचो. कुंपणच शेत खात होतं आणि शेताची मालकीण कुंपणाला मायेने पुसत होती. मी चाक अडकवून पाहिलं, बटण घट्ट करून पाहिलं. ती म्हणायची, "म्हातारा झालाय बिचारा," आणि हळुवारपणे बटण दाबायची.

पाहुणे यायला लागले. कंपनीचा माणूस डोळे मिटून ऐकायचा. "काय उबदार आवाज आहे. हा मऊपणा आजच्या यंत्रांना जमणार नाही." तो मऊपणा म्हणजे मी केलेली झीज होती. लोक खरवडून खाल्लेल्या ताटावरच्या ओरखड्यांना नक्षी म्हणत होते.

एका संध्याकाळी लेकीने पुन्हा ते वाक्य तपासायला घेतलं. ऐकलं. कपाळाला आठी पडली. पुन्हा ऐकलं. किल्ल्या कुठे आहेत हेच तिला सापडेना. "मला उगाच भास झाला असेल," ती स्वतःशीच पुटपुटली आणि ते वाक्य तिने खोडून टाकलं. त्या जागी लिहून मोठ्याने वाचलं, "जुन्या काळाचा धूसर, उबदार स्वर." मित्रांनो, इतकं भयंकर काही मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. आवाज जात होता आणि त्याच्यामागोमाग त्याची आठवणही निघून चालली होती.

दुसऱ्या दिवशी ठोक्या आला. केस पिकलेले, पण खांदे तसेच. लेकीने कौतुकाने त्याला आईचं गाणं लावून दिलं. तो पाय हलवत ऐकायला लागला. थोड्या वेळाने पाय थांबला.

"पोरी, माझा ब्रश कुठे आहे?"

"कुठला ब्रश, काका?"

"झांजेवर ब्रश फिरवत होतो मी. आणि वहिनींच्या किल्ल्या? त्या दिवशी त्यांनी मुठीत धरून वाजवल्या होत्या. तू झोपली होतीस, आणि मी डोळे वटारले म्हणून."

लेकीने चटकन वर पाहिलं. "किल्ल्या होत्या?"

"होत्या म्हणजे काय. डोकं उठवलं होतं माझं."

"मी ऐकल्या होत्या, काका. पहिल्या दिवशी." तिने कागदावरचं खोडलेलं वाक्य बोटाने दाखवलं. "पहिल्या दिवशी होत्या. मला वाटलं, मलाच भास झाला."

"लाव बघू पुन्हा," ठोक्या म्हणाला आणि तिचा हात बटणाकडे आला. मी जीव मुठीत धरून बसलो. हात मधेच थांबला. तिने बटणाऐवजी माझी वायर भिंतीतून उपटली.

रेकॉर्डिस्टला तिने त्याच तासाला बोलावून घेतलं. त्याने माझं झाकण काढलं, खिशातली टाचणी हेडाजवळ नेली आणि बोटं सोडली. टाचणी हेडाला लटकून राहिली.

"किती वेळा वाजवलंत?" त्याने विचारलं.

ठोक्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागला.

रेकॉर्डिस्टने स्वतःची कांडी आणून माझ्यातलं सगळं विष उतरवलं आणि जे उरलं होतं त्याची नक्कल केली. बाकीची रिळं बरीचशी वाचली, कारण ती तिने एकेकदाच ऐकली होती. जास्त झिजलं ते तिने जास्त ऐकलेलं. गेलेलं परत आणायची युक्ती कुणाकडे नसते, असं तो जाताना म्हणाला. त्याने ते अगदी हळू सांगितलं, तरी मला ऐकू आलं.

म्हणून मित्रांनो, पाया पडून सांगतो. घरात कुणाचा आवाज जपलेला असेल तर आधी त्याची नक्कल करून घ्या, मग लाड करा. यंत्र चालतंय म्हणजे ते निरोगी आहे असं समजू नका. आणि एखादी गोष्ट फार आवडली तर तिच्यावर तुटून पडण्याआधी एकदा तिची तब्येत विचारा. आम्हाला सांगता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी म्हातारा काठी टेकत माझ्या खोलीत आला. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून त्याने कानातलं यंत्र नीट बसवलं.

"लाव," तो म्हणाला. "आज ऐकतो."

लेकीने रीळ लावलं. मी सगळा जीव एकवटून वाजलो, पण माझ्याकडे देण्यासारखं फार उरलं नव्हतं. शेजारच्या खोलीत, बंद दारामागे कुणी बाई गातेय, एवढंच. म्हातारा पुढे झुकला. मग आणखी झुकला. कानातलं यंत्र त्याने दोनदा चाचपलं. गाणं संपलं तेव्हा तो हसत होता आणि डोळे पुसत होता.

"कान गेले गं माझे," तो म्हणाला. "फार लांबून आली ती. तुला तरी जवळून ऐकू येते ना?"

"येते, बाबा," लेक म्हणाली. "अगदी जवळून."

"मग झालं," म्हातारा म्हणाला. "तुझ्यासाठीच ठेवली होती."