शिलाचा वाढलेला पाय

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरचं चर्च म्हणजे तीन उंच पायऱ्यांवर उभी असलेली पत्र्याची शेड. त्या रविवारी तिथं मुंगीला शिरायला जागा नव्हती. पार हिंगोलीहून जीपा भरून माणसं आली होती, कारण प्रेषित अमृतराव येणार होते. ते आले. पांढरा कोट, कानाला माईक.

"डॉक्टर मोजतो इंचात, प्रभू मोजतो विश्वासात. तुमचा विश्वास किती इंच हाय, सांगा."

समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत तांड्यावरची शिला बसली होती. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक आणि दोन इंच आखूड राहिलेला. जाड तळव्याचा बूट आणि लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घालून ती बाजारहाट करायची, शिवणकाम पोचवायची, प्रार्थनेला यायची. अमृतरावांनी कॅलिपर काढायला लावलं आणि तिच्या दोन्ही टाचा तळहातांवर घेतल्या. डोळे मिटून "वाढ, वाढ" असं पुटपुटत राहिले. सगळ्यांच्या देखत डावी टाच सरकत सरकत उजवीच्या बराबर आली. शेडभर हुंदके उठले. शिला रडली. तिची धाकटी बहीण मिना हिंगोलीला बी.एस्सी. करत होती, तरी तिच्याही अंगावर काटा आला.

या मंडळीत एक रीत पडली होती. बरं झालेल्यानं आपली काठी, चष्मा, जे असेल ते साक्ष म्हणून भिंतीवर टांगायचं. शिलाचं कॅलिपर बुटासकट खिळ्यावर गेलं.

दुसऱ्याच दिवशी तिनं ते परत मागितलं. मंडळीचे पुढारी देविदास म्हणाले, एक साक्ष उतरवली तर भिंतीवरच्या साऱ्याच खोट्या पडतील. पाय दुखत असेल तर विश्वासच लंगडा असेल. आई रूपाबाईनंही तेच ऐकवलं. मग शिला भिंत धरून, कुडाला हात लावत चालू लागली, आणि एका सकाळी नळाच्या ओट्यावर घसरली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली. हाड आधीच नाजूक होतं, आता कॅलिपर घालूनही पहिल्यासारखं चालता येईल याचा भरवसा नाही, असं त्यांनी सांगितलं.

दवाखान्यात मिनानं विचारलं, "ताई, त्यानं टाचा धरल्या तवा तुला काय वाटलं?"

"डावीकडून कंबर पुढं ओढल्यावानी. मला वाटलं, देवच ओढून राहिला."

मिना घरी आली, आईला खुर्चीत बसवलं आणि टाचा धरून बघितल्या.

शिला दवाखान्यातून घरी आल्यावरच्या रविवारी मिनानं भर प्रार्थनेत देविदासना त्याच खुर्चीत बसायला सांगितलं. त्यांचे पाय ठणठणीत. तिनं उजवी टाच बेतानं मागं रेटली.

"भाऊ, तुमचा उजवा पाय दोन बोटं आखूड हाय."

देविदासनी मान वाकवून पाहिलं. मिनानं तीच टाच हळूच ओढली. "वाढ." पाय बराबर झाले. मागून कुणीतरी हसलं.

"खुर्ची गुळगुळीत असती. टाच ओढली की त्या बाजूची कंबर पुढं सरकती. साडीत, धोतरात ते दिसत न्हाई. माणूस उभा राहिला की पाय होता तेवढाच."

"मंग आमी डोळ्यांनी काय पाहिलं?"

"टाचा. कंबर कुणीच पाहिली न्हाई, भाऊ. मी बी न्हाई."

म्हाताऱ्या जिवनबाई उठल्या, भिंतीवरचा आपला चष्मा काढून पदरानं पुसला आणि डोळ्यांवर चढवला. कुणी अडवलं नाही.

शिला बाहेर ऑटोत बसून होती. त्या तीन पायऱ्या तिला चढता येत नव्हत्या. देविदास खाली उतरले, माफी मागितली आणि सवयीनं प्रार्थनेसाठी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. तिनं हात बाजूला केला.

"माझ्यासाठी प्रार्थना करताना तुमी समदे माझा पाय बघता. तो असाच राहणार हाय. मला बरं करू नका, भाऊ. आत यायला वाट करा."

पायऱ्यांच्या जागी उतार झाला. शिला आता चाकांच्या खुर्चीतून आत जाते. पुन्हा चालण्याबद्दल डॉक्टर काही बोलत नाहीत. अमृतरावांच्या सभा शेजारच्या तालुक्यात जोरात आहेत. कुणाच्या श्रद्धेला कोण नको म्हणतंय? पण काठी, कॅलिपर किंवा गोळ्या टाकायला सांगणारा कुणी भेटला, तर हात जोडण्याआधी एवढंच करा: माणसाला खुर्चीतून उठवा, सरळ उभं करा, आणि मग पाय मोजा.