“हो”च्या आधीची शांतता

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्हाला फक्त कान आहेत. हात नाहीत, पाय नाहीत. कोणी बोललं, की ते जसंच्या तसं पोटात साठवायचं, एवढंच तुमचं काम. जमलं? मग आता तुम्ही माझ्या जागी आहात. मी एका संशोधक बाईंचा जुना टेपरेकॉर्डर आहे.

कारखान्यात माझे सुटे भाग जोडले गेले, तपासनिसाने “हॅलो, हॅलो” करून माझी परीक्षा घेतली आणि माझी रवानगी झाली विद्यापीठात. तिथल्या एका खोलीत तीन टेबलं होती. एक कायद्याच्या सरांचं, एक तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचं आणि तिसरं माझ्या बाईंचं. त्या समाजशास्त्राच्या. तिघं मिळून एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते: आईवडील वेगळे होतात तेव्हा न्यायालय मुलांना विचारतं खरं, पण मुलांना मनातलं सांगता येतं का? त्यांच्या अहवालावरून न्यायाधीशांसाठी नवे नियम ठरणार होते.

बाईंची एक पद्धत होती. मुलाखत झाली, की त्या ती कागदावर उतरवत आणि मग त्याच माणसाला पुन्हा बोलावून वाचून दाखवत. “हे तुझंच म्हणणं ना?” असं विचारल्याशिवाय एक ओळसुद्धा पुढे जात नसे.

“अहो, अशाने अहवाल आपल्या निवृत्तीनंतर निघेल!” सर चिडवत.

“निघू दे की. बोलणं त्यांचं आहे, सर. आपण नुसते हमाल.”

खरं सांगतो, असा हमाल मी दुसरा पाहिला नाही. म्हणजे ऐकला नाही.

एकदा एक मुलगी आली. घरी तिला सगळे रेडिओ म्हणत, इतकी ती बोलायची. मला वाटलं, चला, नात्यातलंच कोणी भेटलं! तिची आई बाहेर बाकावर बसली. रेडिओने शाळेतलं सांगितलं, मैत्रिणींची भांडणं सांगितली, मला श्वास घ्यायला उसंत दिली नाही. मग बाईंनी विचारलं, “आईकडे राहायचं ठरलं, ते तुझ्या मनासारखंच झालं ना?”

“हो,” ती म्हणाली.

बाईंनी लिहिलं: मुलगी समाधानी आहे.

पुढच्या भेटीत, आई पुन्हा बाहेर बाकावर असताना, त्यांनी ते वाचून दाखवलं. रेडिओ चुळबुळत म्हणाली, “मावशी, थोडं राहिलंय.”

“काय गं?”

“मी आधी गप्प होते. ते लिहिलंच नाही तुम्ही.”

दुसऱ्या कोणी “बरं, बरं” म्हणून विषय संपवला असता. बाईंनी माझं बटण दाबलं. माझ्या पोटातून प्रश्न आला, आणि मग काहीच नाही. नुसता पंख्याचा आवाज. बाहेर एक सायकल घंटी वाजवत लांब गेली, तरी काही नाही. आणि मग बारीकसं “हो”.

“अगं, चुकलंच माझं,” बाई म्हणाल्या. “एवढा वेळ काय होतं मनात?”

“मला आईच हवी. पण गुंड्या बाबांकडे असतो. धाकटा भाऊ आहे ना तो, माझ्याशिवाय झोपत नाही. त्याचं कोणी विचारलंच नाही.”

“मग सांगायचं नाही का?”

“आईला वाईट वाटलं असतं.”

बाईंनी “समाधानी” हा शब्द खोडला. पेनाची खरखर मला ऐकू आली. नुसता तो शब्द खोडून त्या थांबल्या नाहीत, सगळ्या मुलाखती त्यांनी पुन्हा ऐकल्या आणि जिथे जिथे मूल गप्प होतं तिथे तिथे तसं लिहिलं. सर कुरकुरले, पण मदतीला तेच बसले. नव्या नियमांत आता एक ओळ आहे: मुलाला एकट्याला विचारा आणि उत्तरासाठी थांबा.

मी आता कपाटात असतो. बाईंच्या हातात फोन आला. त्याचं काही दुःख नाही. फक्त मित्रांनो, तुमच्या शेजारचं कोणी प्रश्नाला लगेच उत्तर देत नसेल, तर त्याच्या वतीने तुम्ही बोलून टाकू नका. जरा थांबा.

पण त्या दिवशी पुढे काय झालं, ते ऐका. बाईंनी विचारलं, “आईशी मी बोलू का?”

“नको,” रेडिओ म्हणाली. खुर्ची सरकली, दार करकरलं.

“आई, आत ये. इथे बस. आणि हे बघ, माझं संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही हं.”

मग ती बोलायला लागली.