पेरूची गुटी

"आस्ते, आक्का. कवळी मुळं असत्यात, तुटतील," संगप्पा म्हणाला, तशी काशम्मा पेरूच्या फांदीवरल्या गोणपाटाची गाठ दातांनी सोडायची थांबली आणि बोटांनी सोडू लागली.

होटगीच्या रेल्वे क्वार्टरमधला हा त्यांचा शेवटचा दिवस. तिचा नवरा रेवणसिद्ध स्टेशनात पॉइंट्समन होता. रूळ जुळवून गाड्यांना रस्ता देण्यात त्याची उभी नोकरी गेली. आता तो रिटायर झाला होता. संध्याकाळच्या गाडीने दुधनीला पुतण्याच्या घरी जायचं होतं. क्वार्टरमध्ये येणाऱ्या नव्या माणसाला अंगणात म्हैस बांधायची होती आणि पेरूचं झाड आड येत होतं. म्हशीपुढे पेरूचं काय चालणार!

तो पेरू महानंदाने लावलेला. महानंदा म्हणजे त्यांची एकुलती पोर, विषमज्वराने गेलेली. ती गेली तेव्हा रोप गुडघ्याएवढं होतं. बहात्तरच्या दुष्काळात नवराबायको परातीत बसून अंघोळ करत आणि परातीतलं पाणी पेरूला घालत.

"बी घिऊन जा की त्याचं," शेजारची गोजाबाई म्हणाली होती.

"बी लावलं तर नात यील. मला लेक पायजे," काशम्मा म्हणाली.

म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला तिचा धाकटा भाऊ संगप्पा आला. तो सोलापुरात एका कॉलेजात झाडांच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. झाडावरच फांदीला मुळं फोडायची, म्हणजे गुटी बांधायची, म्हणून त्याने फांदीवरची साल बांगडीएवढी सोलली. "सर सांगत्यात, शेंड्यात एक रस तयार हुतो. त्यो सालीतनं खाली मुळाकडं जातो, आन् मुळं कुटं फुटायची ते ठरवतो. साल सोलली की त्यो हितंच आडतो, आन् हितंच मुळं फुटत्यात."

"म्हंजी गाडी आउटर सिग्नलला उबी केल्यावानी," रेवणसिद्ध म्हणाला. त्याला पटलं होतं.

"व्हय. ही पावडर बी तसल्याच रसाची. चिमूटभर लाव आक्का, वल्ली माती थाप, आन् गोणपाट बांद." एवढं सांगून, पुडी तिच्या हातात देऊन संगप्पा गाडीसाठी पळाला होता.

तेव्हापासून काशम्मा रोज गोणपाट ओलं करत होती. त्या फांदीशी ती बोलायचीही. रेवणसिद्ध ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

आता गोणपाट सुटलं. माती गळून पडली. आत पांढरं मूळ एकही नव्हतं. सोललेल्या जागी फांदी गाठीसारखी सुजली होती आणि काळी पडली होती.

संगप्पाने नखाने खरवडून पाहिलं. "किती लावलीस पावडर?"

"समदी."

"समदी? आगं, चिमूटभर म्हनलो हुतो की! जास्त झाली की मुळं फुटतच न्हाईत, उलटी दबत्यात."

काशम्मा मातीकडे बघत म्हणाली, "महानंदाचा ताप उतरला, म्हनून ऱ्हायल्याल्या गोळ्या म्या डब्यात जपून ठिवल्या हुत्या. फुडं लागतील म्हनून. ताप फिरून आला आन् पोर गेली. ह्या बारीला हात आकडायचा न्हाय म्हनलं." मग हळूच म्हणाली, "तवा कमी पडलं, आता जास्त झालं."

"ताप उतरलाय, आता बास कर गोळ्या," असं तेव्हा म्हणणारा रेवणसिद्धच होता. इतक्या वर्षांत तिने ते कधी काढलं नाही, आजही काढलं नाही. मी म्हणालो होतो, एवढे तीन शब्द त्याच्या तोंडातून निघेनात.

गाडीची वेळ होत आली. काशम्माने खाली पडलेली माती गोळा केली, त्या काळ्या गाठीवर थापली, गोणपाट गुंडाळून गच्च बांधलं. संगप्पा काही बोलायला गेला, पण रेवणसिद्धाने त्याला हाताने थांबवलं.

"तितं लावल्यावर लागंल का ओ?" तिने नवऱ्याला विचारलं.

उभ्या नोकरीत रेवणसिद्धाने एकाही गाडीला चुकीचा रस्ता दिला नव्हता.

"लागंल की," तो म्हणाला. मग विळा घेऊन त्याने गुटीच्या खाली, मुळं फुटलेली फांदी जपून कापतात तशी, ती फांदी कापली आणि दोन्ही हातांनी तिच्या ओटीत दिली.