एकतीस नंबरचा खिळा

मी एक जुना पितळी बिल्ला आहे, मित्रांनो. बाटलीच्या झाकणापेक्षा थोडा मोठा, वर एक भोक, मध्ये ठोकलेला एकतीस हा आकडा आणि कडेला एक खोल पोचा. या पोच्यामुळे मला कोणी विकत घेणार नाही, पण माझी सारी किंमत त्यातच आहे.

खाणीच्या लोहाराने मला पितळेच्या पत्र्यातून कापून काढले. कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी एक लाकडी फळा होता. त्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एका कामगाराचा बिल्ला. खाली उतरताना आपला बिल्ला खिशात टाकायचा, वर आल्यावर पुन्हा टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून खाली आहे. मी या घरातल्या मुलांच्या पणजोबांचा बिल्ला. तेव्हा ते चांगले तरणेबांड होते. त्यांचे दादा, म्हणजे थोरले भाऊ, त्याच खाणीत छताला लाकडी टेकू लावायचे. माझी वाहवा कधी कोणी केली नाही, पण मी खिळ्यावर दिसलो की दादा निर्धास्त व्हायचे.

एके दुपारी पाळी संपवून पणजोबा वर आले, तोच शेजारीण फाटकातून ओरडली, "अरे, बघत काय बसलास? तुझ्या बायकोला कळा सुरू झाल्यात!" पणजोबा तसेच धूम पळाले. मी त्यांच्या खिशातच राहिलो.

घरी मुलगी झाली. "त्या काळ्या हातांनी लेकराला शिवायचं नाही," असे सुईणीने दटावले, तेव्हा त्यांनी अंगणात जाऊन कोपरापर्यंत हात घासले. तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजू लागला. थांबेचना. कुठेतरी छत कोसळले होते. "थोडक्यात वाचलो," म्हणत पणजोबांनी खिशातला रुमाल ओढला आणि मी खणकन फरशीवर पडलो. फळ्यावरचा माझा खिळा अजून रिकामाच होता.

मला मुठीत धरून ते धावत सुटले. फळ्याजवळचा हजेरीवाला त्यांना पाहून ओरडलाच. "तू वर आहेस? अरे, बाकी सगळे बाहेर आलेत. एकट्या तुझा खिळा रिकामा होता. दादा तुला शोधायला परत आत गेलाय!"

मित्रांनो, मी कधी खोटे बोललो नव्हतो. त्या दिवशी माझी रिकामी जागा खोटे बोलली होती.

मुकादमाने वाट अडवली. "आता आणखी कोणी उतरणार नाही."

"माझ्यापायी गेलाय तो," म्हणत पणजोबा त्याच्या हाताखालून बोगद्याच्या उतारावर शिरले.

आत धुळीत दोन हातांपलीकडचे दिसत नव्हते. टेकू कडकडत होते. पुढून दादांची हाक आली, "धाकट्या, ओ दे रे!" ते हातांनी ढिगारा उपसत होते. पणजोबांच्या घशात धूळ गेली होती, काही केल्या आवाज फुटेना. तेव्हा त्यांनी मला कोळशाच्या गाड्यांच्या रुळावर आपटले. पुन्हा आपटले. अगदी जीव खाऊन आपटले. तिथेच माझी कड दबली. मला त्याचे काही वाटले नाही, आणखी जोरात वाजावे एवढेच वाटत होते.

दादांनी ऐकले. ते मागे वळले, आवाजाच्या रोखाने चाचपडत आले आणि भावाचा हात त्यांच्या हाती लागला. दोघे वळणापर्यंत पोहोचतात तोच, दादा जिथे बसून उपसत होते तिथले छत खाली आले.

बाहेर येताच दादांनी सर्वांसमोर पणजोबांच्या एक कानाखाली वाजवली. मग धापा टाकत विचारले, "होतास कुठे?"

"घरी. मुलगी झाली."

दादा रडू लागले. रडत रडतच त्यांनी मला घेतले आणि स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगले.

पुढे खाण बंद पडली, फळा सरपणात गेला. मी या घराच्या दाराजवळ कितीतरी वर्षे टांगलेला होतो. मग घराला रंग द्यायचे निघाले आणि मी खणात गेलो, संपलेल्या सेलांच्या आणि तुटक्या बटणांच्या सोबतीला.

खणातून सगळे ऐकू येते. परवा संध्याकाळी या घरातला मुलगा मागच्या दाराने आला आणि कानात गाणी लावून वरच्या खोलीत जाऊन बसला. खाली त्याची आई जिवाच्या आकांताने हाका मारत होती. बाबा गाडी काढून त्याला शोधायला दाट धुक्यात निघून गेले होते. ते सुखरूप परतले, म्हणून नंतर सगळे त्यावर हसले. मला मात्र हसू आले नाही.

मला घासूनपुसून काचेच्या कपाटात ठेवू नका, मित्रांनो. दाराजवळ एक खिळा ठोका आणि मला तिथे टांगा. घरातून निघताना "येतो" म्हणता ना? मग परतल्यावर "आलो" एवढेही म्हणा. कोणीतरी तुम्हाला शोधायला निघायच्या आत म्हणा.