कमलीबाईच्या कवेचे माप

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी गज आहे. शिरपूरच्या बाजारात जानरावांच्या कापडदुकानी, गादीमागच्या कोपऱ्यात मी उभा असतो. तुम्ही मीटरने मोजणारी मुले, मला पडद्याचा दांडा समजाल. समजा बापडे.

कारंज्याच्या लोहाराने मला ठोकून सरळ केले, अंगावर खुणा पाडल्या. जानरावांचा हिशेब सोपा होता. गिऱ्हाइकाला आधी उंची विचारायची, मग छाती. सदऱ्याची लांबी दुप्पट करायची, तीत बाहीची मिळवायची, छाती भरदार असेल तर पाव गज वाढवायचा. मग माझ्यावर मोजून कापड टरकन फाडायचे. "जानरावचा गज खोटा बोलत नाही," असे लोक म्हणत आणि मी उगाच ताठत असे. खरे सांगू? माप चुकीचे सांगितले, तर माझे उत्तरही चुकीचेच.

बंजारा तांड्यावरची कमलीबाई दर होळीआधी येई. तिचा एकुलता एक सेवालाल मुकादमाबरोबर परमुलखात खडी फोडायला गेला होता. होळीला तो आला की नवा सदरा त्याच्या अंगात घालायचा, एवढीच तिची आस.

"उंची सांग, बाई," जानराव म्हणत.

"माह्या कानाइतका हाये."

"अन् छाती?"

"कवेत घेतलं का माहे हात मांगं एकमेकाले भेटतात."

जानराव हसून कापड फाडत. होळी येई, सेवालाल येत नसे. सदरा तांड्यातल्या दुसऱ्याच कुणाच्या अंगावर जाई. पुढच्या साली पुन्हा तीच उंची, तीच कव.

"पोरगं वाढलं असन ना, बाई."

"मायले नाई समजत का?"

ती गेली की मला फार उदास वाटे.

मग मीटर आला, माझ्याहून चार बोटे उंच. मला कोपरा मिळाला. आता अंगावरून पाल जाते, तेवढीच सोबत.

मीटर आला त्याच साली होळीला सेवालाल आला. नवा सदरा घालताना त्याच्या खांद्यांवर अडकला होता, तसाच काढून, काखेत मारून तो आईबरोबर दुकानी आला. जानरावांनी मीटर उचलला.

"थांबा," कमलीबाई म्हणाली. "माप मी देतो."

भर दुकानात तिने लेकाला कवेत घेतले. हात पाठीवर पोचले, पण एकमेकांना भेटले नाहीत. तिने पुन्हा ताणून पाहिले.

"इतका मोठा झाला," ती म्हणाली, "अन् मले मालूमच नाई."

सेवालालने मग आपले हात तिच्याभोवती घातले. ते भेटले, आणि वर वीतभर उरले.

"याडी, तू काही खात नाईस काय?" त्याने आईला हळूच विचारले.

मुलांनो, माझ्या अंगावरची धूळ पुसा अगर पुसू नका. पण उद्या परमुलखात गेलात, तर घरी येत जा. तुम्ही तिकडे वाढत असता, तेव्हा मागे राहिलेले माणूस इकडे आखडत असते.